कणगीतला मूकपट

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अजूनही डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटात लुटलेले ट्रक पाहिले. त्यातलं पुष्कळसं आता एकमेकांत कालवलं गेलंय. ही केस मात्र कशातच मिसळत नाही. नाव मी कुणाचंच घेणार नाही. बरेच जण गेले, आणि जे आहेत त्यांच्या घरी सुना-नातवंडं आहेत.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. आजच्या रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. मी खालापूर तालुक्यात फौजदार होतो. श्रावण लागला होता, भाताच्या लावण्या उरकल्या होत्या, आणि ठाण्याचं छप्पर गळत असल्यामुळे ठाणे अंमलदाराचं टेबल रोज नव्या कोपऱ्यात सरकत होतं. अशा एका सकाळी मुंबईची मोटार दारात येऊन उभी राहिली. त्यातून पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून कडक.

त्यांची फिर्याद अशी होती. त्यांचे वडील मूकपटांच्या काळात सिनेमा कंपनी चालवायचे. बोलपट आले आणि कंपनी बसली. वडिलांनी काढलेल्या एका मूकपटाची रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत भरून खोपोलीच्या वाटेवरच्या त्यांच्या बंगल्यात ठेवलेली होती. ती गेल्या महिन्यात चोरीला गेली.

"जुनी रिळं कोण कशाला चोरेल?" मी विचारलं.

"तुम्हाला कल्पना नाही," ते म्हणाले आणि मला समजावू लागले. खोटं कशाला बोलू, माझ्या ज्ञानात भरच पडली. बोलपट आल्यावर मूकपट सगळ्यांनाच नकोसे झाले. फिल्मवर चांदीचा अंश असतो, म्हणून लोकांनी रिळं धुऊन चांदी काढली आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या केल्या. बाकीची गोदामांत जळून गेली, कारण ती जुनी फिल्म ठिणगी पडली की भडकते. त्यांच्या वडिलांच्या सगळ्या चित्रपटांपैकी हा एकच शिल्लक राहिला होता, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. परदेशातल्या एका महोत्सवाने तो मागवला होता. फिर्यादींना तो तिकडे नेऊन मिरवायचा होता. मिरवायचा हा शब्द माझा, त्यांनी वेगळा वापरला होता.

संशय कुणावर, असं विचारल्यावर कुणावरच नाही म्हणाले. फिर्याद नोंदवून घेतली. दुसऱ्याच दिवशी जुन्या पुणे रस्त्यावरचा एक चहावाला आपण होऊन ठाण्यात आला. कर्जतच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एका म्हातारीकडे तसले डबे आहेत, अशी खबर त्याने दिली. हा इसम याआधी बोलावूनसुद्धा ठाण्यात यायचा नाही. खबर अशी आपल्या पायांनी चालत आली, की तिला कुणी चालवलं हे आधी पाहावं. पण खबर ती खबर, झडतीला जाणं भाग होतं.

माझ्याबरोबर एक हवालदार होते, त्याच पट्ट्यातले, आवाज असा की रेल्वे थांबावी. वाटेत त्यांनी माहिती पुरवली. "साहेब, ती म्हातारी म्हणजे सिनेमावाली. तरुणपणी तिनं सिनेमात काम केलंय म्हणतात. भलतंसलतं काम. ठरलेलं लग्न मोडलं तिचं. मग भावाकडंच राहिली जन्मभर."

"तुम्ही पाहिलाय तो सिनेमा?"

"छे हो! आमच्याकडं कुणीच नाय पाहिला."

"मग भलतंसलतं कशावरून?"

हवालदारांनी पुढचा ओढा दाखवला, पाणी चढलंय म्हणाले. तो ओलांडून आम्ही म्हातारीच्या घरी पोहोचलो.

साठीची बाई. काटक, ताठ, डोक्यावरचा पदर घट्ट. भाऊ वारलेला, भाच्यांचा संसार, आणि ती घरातली आत्या. आम्ही झडती घेतली. माळा, पडवी, गोठा, चुलीमागची जागा, सगळं पाहिलं. माजघरात एका कोपऱ्यात बांबूची छोटी कणगी होती, तोंडापर्यंत शेणाने सारवून बंद केलेली. शिपायाने तिच्यावर काठी टेकवली तसे हवालदार ओरडले, "अरे, बियाण्याची कणगी हाय ती! बंद कणगी फोडतोस व्हय? पाप लागेल." शिपायाने काठी मागे घेतली. मीही ती फोडायला लावली नाही. माझा बाप भातशेतीच करायचा, आणि आमच्या घरात पेरणीआधी बियाण्याची कणगी फोडायची म्हणजे देव्हाऱ्याला लाथ मारण्यासारखं होतं. रिकाम्या हातांनी परतलो.

दुसऱ्या दिवशी तिला जबाबासाठी बोलावलं. भाचा सोबत होता, त्याला मी व्हरांड्यात बसवलं. चहा मागवला, तिने शिवला नाही.

"आजी, डबे तुमच्याकडे आहेत का?"

"हायेत."

मी चमकलो. चोरीचा माल आहे का म्हटल्यावर 'हाय' म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"कुठे आहेत?"

"त्ये नाय सांगनार."

"चोरले?"

"चोर आसल तुमचा फिर्यादी!" ती एकदम उसळली. "सायब, तुमी लिवून घ्या. त्याच्या बापानं दिलंत मला ते डबे. कंपनी मोडली तवा सोता आलता कर्जतला, गाडीतनं उतरून चालत आलता गावात. म्हनाला, पोरी, बाकीचं समदं इकलं मी, ह्यो एक ठेवलाय. तुजं काम हाय ह्यात. सांभाळ. इस्तवापासनं आन् ओलीपासनं लांब ठेव. मी ठेवला."

"मग त्यांच्या मुलाला हे ठाऊक आहे?"

"ठाव नसायला काय झालं? होळीच्या आदी आलता की गाडी घेऊन! द्या म्हनाला. मी म्हनलं, नेशील तर ने, माझी ना नाय. पन आदी माझ्या गावाला दाव. एकडाव दाव आन् घेऊन जा. तर म्हनतो कसा, ही फिल्म मशिनीवर चढवली तर तुटंल. तुमच्या गावातल्या लोकांना काय कळतंय त्यातलं? मी म्हनलं, मग चालता हो."

इथे तिचा आवाज पहिल्यांदा हलला. पण रडली नाही. रडणारी बाई नव्हतीच ती.

"सायब, मी सतरा-अठराची आसन. कंपनी आली कोंडाण्याच्या लेण्यापाशी. मुंबईची बाई डोंगर चढंना. शेटनी माझ्या बापाला इचारलं, बापानं व्हय म्हनलं. बाप रोज संग यायचा, दगडावर बसून आसायचा. मी काय केलं? घागर घेऊन चालले. रडले. येकदा हासले. बास. सिनेमा मुंबईत लागला न् गेला, हितं कुनी बी नाय बघितला. पन समद्यांना ठाव, मी काय केलं ते! लगीन मोडलं. हळदीकुंकवाला कुनी बोलवंना. पानवठ्यावर गेले की बाया बाजूला व्हायच्या. मी बी नाय बघितलाय तो अजून. दावा गावाला, मंग काय ती फाशी द्या. दावल्याबिगर मी नाय देनार. मारायचं तर मारा."

"मारत नाही हो कुणी. चहा घ्या."

"नको मला तुमचा च्या."

जबाब लिहून घेतला आणि तिला घरी पाठवलं. बोलणाऱ्याची नजर पाहून खरं-खोटं ओळखतो, असं सांगणारे अधिकारी असतात. मला तसलं काही येत नाही. माणूस स्वतःच्या अडचणीचं बोलतो की सोयीचं, एवढंच मी पाहतो. ही बाई प्रत्येक वाक्य स्वतःच्या अडचणीचं बोलत होती. आणि फिर्यादी होळीच्या आधी तिच्याकडे गेले असतील, तर गेल्या महिन्यात त्यांच्या बंगल्यातून चोरी झाली कुठून? पण हा सगळा तिचा शब्द होता, पुरावा काहीच नव्हता.

त्या दुपारी ठाण्याच्या खिडकीतून समोरची खाचरं दिसत होती. लावणी झालेलं भात हिरवंगार उभं होतं. पाहता पाहता डोक्यात उजेड पडला. अरे गाढवा! पेरण्या होऊन गेल्या, लावण्या उरकल्या, बियाणं केव्हाच शेतात गेलं. श्रावणात घरोघरी कणग्या रिकाम्या, तोंड उघड्या पडलेल्या असतात. मग हिची कणगी सारवून बंद कशी? बंद कणगी फोडायची नाही, हे आमच्या रक्तात इतकं भिनलेलं, की आत काय असेल हा विचारच आमच्यापैकी कुणाला शिवला नाही. म्हातारीने ओळखलं होतं, की झडतीला येणारे पोलीस झाले तरी शेतकऱ्यांचीच पोरं असणार.

पंच घेऊन पुन्हा गेलो. मी सरळ माजघरात जाऊन कणगीवर हात ठेवला. म्हातारी आडवी आली. "आदी मला फोडा," म्हणाली. हवालदार पुढे सरसावले, त्यांना मी मागे केलं.

"आजी, मला हे डबे ताब्यात घ्यावेच लागतील. पण तुमच्या गावाने पाहिल्याशिवाय ते जाणार नाहीत. हा माझा शब्द."

"इसरू नगा म्हंजे झालं," म्हणाली आणि बाजूला झाली.

कणगी फोडली, आणि फिर्यादींची फिर्याद तिथेच फुटली. शेणाच्या सारवणाचा थर भाकरीपेक्षा जाड होता. दर वर्षी इतर कणग्यांबरोबर ती हीसुद्धा वरून सारवायची, त्यामुळे कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे चढले होते, आणि आतले तर दगड झाले होते. गेल्या महिन्यात चोरलेला माल इतक्या सारवणांच्या आत जाईल कसा? मी सारवणाचा एक तुकडा मुद्देमाल म्हणून वेगळा बांधून घेतला. आत राख आणि निरगुडीचा पाला, आणि त्यात गंजलेले गोल डबे होते.

तुम्ही म्हणाल, संपलं. कुठलं संपतंय! फिर्यादींचे हात लांब होते. ठाण्यावर फोन आला, वरून. मुद्देमाल ताबडतोब फिर्यादीच्या हवाली करा.

"साहेब, मुद्देमालाची ओळख पटलेली नाही," मी म्हणालो.

"डबे ओळखलेत ना त्यांनी?"

"डबे ओळखलेत. चोरी सिनेमाची आहे. आत कोणता सिनेमा आहे ते पाहिल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही."

"फौजदार, शहाणपणा नको."

"लेखी आदेश पाठवा साहेब, लगेच सुपूर्द करतो."

पलीकडून फोन ठेवला गेला. तोंडी हुकूम देणाऱ्याकडे कागद मागितला की त्याला अचानक दुसरं काम आठवतं. तो कागद काही शेवटपर्यंत आला नाही. माझी पुढची बदली मात्र लवकर आणि लांब झाली. झाली तर झाली!

खोपोलीतल्या एका टॉकीजच्या मालकाला मी मॅटिनीच्या आधीची सकाळ मागितली. ऑपरेटर फिल्म बघून कुरकुरला, हे पेटलं तर माझी दाढी जाईल म्हणाला. वाळूच्या बादल्या भरून मशिनीजवळ ठेवल्या, एक शिपाई ओलं पोतं घेऊन उभा केला. जुन्या फिल्मला मोटर झेपणार नाही म्हणून ऑपरेटरने मोटर सोडवली आणि हाताने फिरवायला तयार झाला. फिर्यादी हजर होते. "एकुलती एक प्रत आहे, तुकडे झाले तर जबाबदार कोण?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांचं हे म्हणणं खोटं नव्हतं. पण जन्मभर डब्यात राहिलेला सिनेमा आणखी जन्मभर डब्यात राहून कुणाचं भलं करणार होता?

पंच कोण, हे म्हातारीने ठरवलं. "त्याला घ्या," म्हणाली. त्याला म्हणजे शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्याला. तिचं लग्न ज्याने मोडलं तोच हा. मी त्याला बोलावणं धाडलं. आला, पण दारातच अडला.

"सायब, मी तसलं बगत नाय."

"तसलं म्हणजे कसलं?"

"म्हंजे... तसलं."

"मग बसा आणि पाहून मला सांगा, कसलं ते. सरकारी काम आहे."

एस.टी.ने, टेंपोने, चालत, गाव लोटलं होतं. पंच दोघेच लागतात, पण बाकीच्यांना हाकला असा काही कायदा नाही. दिवे गेले. पडद्यावर आधी नुसते पांढरे फराटे, मग एक पाटी. हवालदारांना मी पाट्या वाचायला लावलं होतं. त्यांनी आरोपीला पुकारावं तशा आवाजात पहिली पाटी वाचली आणि सगळे हसले. मग ती आली.

डोक्यावर घागर घेऊन डोंगराच्या वाटेने एक मुलगी खाली येत होती. मागे कोंडाण्याची लेणी. बाजूला म्हातारी बसली नसती तर मी ओळखलं नसतं. चालता चालता ती थांबली आणि तिने सरळ आमच्याकडे पाहिलं. टॉकीजमधलं हसणं थांबलं. आवाज म्हणाल तर मशिनीची कटकट आणि पत्र्यावरचा पाऊस. मी सिनेमे पुष्कळ पाहिलेत, बोलून बोलून डोकं उठवणारे. इथे कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे चेहऱ्यावरून डोळा काढता येईना. एका सुनेवर सासू चोरीचा आळ घालते, गाव तिला वाळीत टाकतं, अशी ती गोष्ट. सून पुरावा देत नाही, रडून दया मागत नाही, फक्त एकेकाच्या तोंडाकडे पाहत जाते. ती पाहत गेली तसे टॉकीजमधले लोक खुर्च्यांवर चुळबुळू लागले.

मध्येच कुणीतरी किंचाळलं, "आबा! आमचा आबा हाय तो!" पडद्यावरच्या गर्दीत गावातलेच लोक उभे होते. मग काय, एकच कल्ला. कुणाचा आजा, कुणाची चुलती, कुणाचा बैल. आणि एका दगडावर पागोटं घातलेला एक माणूस बसलेला, गोष्टीशी काही संबंध नसलेला. म्हातारी मला म्हणाली, "त्यो माझा बा." एवढंच म्हणाली.

फिल्म दोनदा तुटली, ऑपरेटरने जोडली. शेवटचा डबा उघडला तर आतलं रीळ विरघळून त्याची तपकिरी ढेप झालेली. दिवे लागले. फिर्यादींनी कपाळाला हात लावला. लोक ओरडू लागले, शेवट काय, शेवट काय? तेव्हा म्हातारी उठून उभी राहिली.

"शेवटाला सासूला नथ घावती, आन् सून सासूच्या पाया पडती. मला नव्हतं पटलं त्ये. म्हनलं शेटला, तिनं का पाया पडायचं? त्यांनी नाय ऐकलं. बरं झालं, तो डबा कुजला त्ये!"

टॉकीज हसून हसून लोळलं. मी पंचांकडे वळलो. तो म्हातारा खाली मान घालून बसला होता.

"बोला, काय पाहिलंत?"

"काय बी नाय व्हतं त्यात," तो पुटपुटला. "आमाला सांगतलं व्हतं..."

"कोणी सांगितलं होतं?"

"लोकं सांगायची."

म्हातारी त्याच्यासमोर येऊन उभी होती. त्याने तिच्याकडे न पाहता पंचनाम्यावर अंगठा उमटवला.

मग फिर्यादींना मी सारवणाचा तुकडा दाखवला, आणि खोट्या फिर्यादीला काय शिक्षा असते तेही सांगितलं. चहावाल्याला चहापेक्षा जास्त कुणी पाजलं, तेही आम्हाला कळलं होतं. फिर्यादींचा कडकपणा पार उतरला. मी कागदपत्रं करून फिर्याद खोटी ठरवण्याचा अहवाल कोर्टाकडे पाठवणार होतो, आणि पाठवलाही. डबे आता त्या बाईचेच होते. पण तिने माझ्यावरही कडी केली.

"आजी, हे आता तुमचे. नेऊ देऊ नका."

"सायब, मी म्हनलं व्हतं, दावा आन् न्या. तुमी दावलंत. मी शब्द फिरवू? पन ह्यानं मला चोर म्हनलंय. ते आदी समद्यांसमोर मागं घ्यायला सांगा."

फिर्यादी काहीतरी पुटपुटले.

"मोट्यानं," ती म्हणाली. "माझी बदनामी कुनी हळू नव्हती केली."

ते मोठ्याने म्हणाले. कोर्टाचा निकाल लागल्यावर तिने खरंच डबे त्यांना देऊन टाकले. तो सिनेमा परदेशात पोहोचला, की बाकीचे डबेही विरघळले, मला ठाऊक नाही. आमच्या तालुक्यात मात्र तो एकदा लागला, आणि हाऊसफुल्ल लागला.

त्या केसनंतर साक्षीदार समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: डोळ्यांनी पाहिलंत का? नसेल तर चालते व्हा. पुष्कळ जण चालते झाले. त्यात भले भले होते, आणि माझ्या खात्यातलेही होते. एका बाईचं आयुष्य अख्ख्या तालुक्याने न पाहिलेल्या सिनेमावरून निकालात काढलं होतं, आणि निकाल देणाऱ्यांतल्या एकालाही त्याची लाज नव्हती. मला अजून राग येतो तो याचा.

बदली झाल्यावर काही वर्षांनी कर्जतला कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून तिच्याकडे गेलो. आता अंगणात चार बायका तिच्याशी बोलत बसल्या होत्या. या वेळी चहा तिने दिला आणि मी निमूट घेतला. भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी एक चौकट होती. आत त्या दिवशीच्या पंचनाम्याची फोटोस्टॅट नक्कल होती. तिने कोर्टातून काढून घेतली होती. तिला वाचता येत नव्हतं. घरी येईल त्याला ती वाचायला लावायची, असं भाच्याने सांगितलं.

"वाच," ती मला म्हणाली. आता मी तिला सायब नव्हतो.

मी चष्मा लावला. माझंच अक्षर होतं. पंचांसमक्ष चित्रपट दाखविण्यात आला, वगैरे वगैरे. शेवटची ओळ आम्ही पोलीस प्रत्येक झडतीच्या कागदावर डोळे मिटून लिहितो तीच होती, आणि तिच्याखाली त्या म्हाताऱ्याचा अंगठा होता. मी वाचली: "सदर चित्रपटात आक्षेपार्ह असे काहीही मिळून आले नाही."

"मोट्यानं वाच रं," ती म्हणाली. "बाहेर ऐकू जाऊ दे."

मी मोठ्याने वाचली.